माऊसखालचं घड्याळ

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाइपताईचं घड्याळ गेल्याचं कळलं आणि साडेनऊपर्यंत चोरही ठरला होता.

मधल्या वीस मिनिटांत साफसफाईच्या मावशींची पिशवी टेबलावर उलटी करून झाली. डबा निघाला, गुडघ्याला लावायचं मलम निघालं, मुलीच्या नर्सिंगच्या परीक्षेचं प्रवेशपत्र निघालं. घड्याळ निघालं नाही.

"शनिवारीच घरी गेलं असणार," व्यवस्थापक म्हणाले. "आज कशाला पिशवीत ठेवतील?"

 प्रवेशपत्राला पडलेली घडी तेवढी मावशींनी बोटाने सरळ केली.

मी या ऑफिसचा इलेक्ट्रिशियन. सव्वीस वर्षं झाली. आमचं ऑफिस शहरांना पाणी पुरवणाऱ्या पाइपांची आखणी करतं. गेल्या वर्षापासून विजेची बचतही माझ्याकडे आली. हॉलमधून फिरताना "स्क्रीन बंद करा, पंखा बंद करा" म्हणत राहतो, म्हणून सगळे मला बंदकाका म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही.

घड्याळ पाइपताईच्या वडिलांचं होतं. ती आमची इंजिनिअर. पण रडवेली झाली होती ती दुसऱ्याच गोष्टीने.

"काका, माझं गणित मेलं," ती म्हणाली. "चाळीस तासांचं होतं. सगळ्या शहराच्या पाण्याचा दाब. शनिवारी दुपारी लावून गेले आणि आज बघते तर मशीन झोपलेलं. झोपताना सर्व्हरशी जोडणी तुटली आणि आकडे पुसले गेलेत."

"आणि घड्याळाचा त्याच्याशी काय संबंध?" व्यवस्थापकांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघून जरा वरमली. मग सांगून टाकलं. आमच्याकडे नियम आहे की संगणकाला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर तो आपोआप झोपतो. आत गणित चालू असलं तरी झोपतो, कारण तो फक्त कीबोर्ड आणि माऊसकडे बघतो. सूट हवी तर अर्ज. अर्ज माझ्याकडे येतो, माझ्याकडून व्यवस्थापकांकडे जातो आणि आठ दिवसांनी परत येतो. ताईला आठ दिवस नव्हते. तिने वडिलांचं जाड सेकंदकाट्याचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि त्याच्या तबकडीवर माऊस. काटा फिरतो, माऊसच्या पोटातल्या दिव्याला वाटतं कुणीतरी आपल्याला हलवतंय. मशीन जागं राहतं.

"म्हणजे घड्याळ ज्याने उचललं, त्यानेच गणित मारलं," मी म्हणालो.

"उचललं कुणी ते कळलंय," व्यवस्थापक म्हणाले. "साफसफाईच्या ठेकेदाराचा माणूस चार वाजता येतोय. मावशींचं ओळखपत्र घेईल आणि विषय संपेल. आणि ठेकेदार इतर ऑफिसांनाही कळवतो, तो त्याचा नियम आहे."

म्हणजे मावशींना या शहरात परत झाडू कुणी हातात देणार नव्हतं. मुलीचं एक वर्ष राहिलं होतं.

सात महिन्यांपूर्वी माझी बायको गेली. तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो तेव्हा लोक माझ्याकडे बघायचं टाळत होते. मावशींनी टेबलावर चहा ठेवला आणि न बोलता गेल्या. तेव्हापासून रोज ठेवतात. मी कधी मागितला नाही.

"चारपर्यंत मला वेळ द्या," मी व्यवस्थापकांना म्हणालो. "घड्याळ किती वाजता उचललं ते मी सांगू शकतो."

तिथे मी पहिली चूक केली.

२

टेबलांच्या प्रत्येक रांगेला मी वेगळा मीटर बसवला आहे. दर पाच मिनिटांनी तो आकडा लिहून ठेवतो. शनिवारी अर्धा दिवस असतो, एक वाजता हॉल रिकामा झाला. ताईच्या रांगेत फक्त तिचं मशीन चालू होतं. स्क्रीन तिने जाताना बंद केला होता, पण टेबलाखालचा संगणकाचा डबा राबत होता. आकडा एकसारखा. सव्वा तीनला तो एकदम खाली आला.

व्यवस्थापक माझ्या खांद्यावरून बघत होते.

"सव्वा तीनला झोपलं. म्हणजे दहा मिनिटं आधी घड्याळ काढलं," मी म्हणालो. "तीन वाजून पाच मिनिटं."

त्यांनी सुरक्षारक्षकाची वही आधीच मागवली होती. आमचा सुरक्षारक्षक फौजेतून आलेला, सगळे त्याला सुभेदार म्हणतात. त्याच्या वहीत एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही. शनिवारी दुपारनंतर तिघं आत गेले होते. तारवाला, म्हणजे संगणकांची देखभाल करणारा, एक पन्नास ते दोन वीस. फूटपट्टी, म्हणजे आमचे ड्रॉइंग विभागाचे प्रमुख, दोन तीस ते दोन पन्नास. आणि मावशी, तीन ते चार दहा.

"तीन पाचला हॉलमध्ये कोण होतं, काका?" व्यवस्थापकांनी विचारलं.

मी वही मिटली.

"तुम्हीच सांगितलंत. आभारी आहे."

ते गेले. वाचवायला निघालो होतो आणि दोर मीच हातात दिला होता.

३

सुभेदार गेटवर खुर्ची टाकून बसला होता.

"वही चुकली असेल का?" मी विचारलं.

"वही?" तो उठून उभाच राहिला. "बंदकाका, तुमचा मीटर चुकेल, ही नाही चुकणार. हवं तर माझी पण झडती घ्या. शनिवारी गेट सोडून मी दोनदा उठलो, दोन्ही वेळा कशासाठी ते बायामाणसांसमोर सांगणार नाही."

"तिघांच्या हातात जाताना काही होतं?"

"मावशींकडे कचऱ्याची पिशवी. तारवाल्याकडे त्याचं बोचकं. फूटपट्टी मोकळे होते. मात्र जाताना 'निघतो हं' म्हणायचे, ते शनिवारी म्हणाले नाहीत."

मावशी जिन्याखालच्या खोलीत बसल्या होत्या. बादलीवर फडकं वाळत घातलं होतं, जणू उद्याही लागणार आहे.

"मावशी, शनिवारी ताईचं टेबल कधी पुसलंत?"

"आल्या आल्या. खिडकीकडून सुरुवात करते मी."

"माऊसखाली घड्याळ होतं?"

"नव्हतं. माऊस पॅडवर सपाट बसला होता. खाली घड्याळ असतं तर तो कलला नसता का?"

"हात लावलात त्याला?"

"तुम्हीच सांगितलंय ना, माऊसला धक्का लागला की मशीन उठतं आणि वीज खातं. मी त्याच्या बाजूने पुसते." मग त्या थांबल्या. "तुमच्या यंत्राने माझं नाव सांगितलं म्हणे."

"वेळ सांगितली, मावशी. नाव नाही."

"त्यांच्या लेखी एकच."

मी तिथून उठलो तेव्हा डोक्यात एवढंच होतं: मावशी म्हणतात तीनला घड्याळ नव्हतंच. मीटर म्हणतो तीन पाचला काढलं. दोघांपैकी एक चुकीचं आहे. मीटर मी स्वतः तपासून बसवला होता. मावशींना मी सात महिने ओळखत होतो.

तारवाला सर्व्हरच्या खोलीत होता. मला बघून त्याने लॅपटॉप मिटला.

"शनिवारी कशाला आला होतास?"

"सर्व्हर. एक डिस्क बदलायची होती."

"ताईच्या टेबलाकडे गेलास?"

"मी हॉलमध्ये पायच टाकला नाही."

"बरं. हॉलमधली मशिनं झोपायला किती वेळ घेतात?"

तो वायर गुंडाळायला लागला. "परिपत्रकात दहा मिनिटं आहे, काका."

"परिपत्रक मीच लिहिलंय. मशिनांचं विचारतोय."

"दहाच," तो म्हणाला, आणि मला मागे ठेवून बाहेर गेला. वायर अर्धी गुंडाळलेली तशीच खाली पडली. वायरचा असा पसारा टाकून जाणारा तो मुलगा नव्हे.

फूटपट्टी आपल्या टेबलावर पेन्सिलींना टोक करत बसले होते. सगळी कामं संगणकावर होतात, तरी पाच पेन्सिली टोकदार लागतात त्यांना. दुसऱ्या मजल्याचे बचतप्रमुखही तेच. भिंतीवर मी मजल्यांच्या वीजबचतीचा फलक लावला आहे. त्यावर दुसरा मजला सलग दोन महिने पहिला होता, आणि त्याचा अभिमान या माणसाएवढा कुणाला नव्हता.

"वाईट झालं," ते म्हणाले. "मावशी तशा वाटत नव्हत्या."

"तुम्ही शनिवारी आला होतात."

"चष्मा विसरलो होतो. घेतला आणि निघालो. ताईचं मशीन घरघरत होतं, स्क्रीन काळा होता. मी कशाला हात लावला नाही. बसा ना, चहा सांगू?"

"चहा मावशी आणतात," मी म्हणालो. "आज त्या खाली बसल्यात."

त्यांनी पेन्सिलीचं टोक मोडलं आणि पुन्हा करायला घेतलं.

४

बारा वाजून दहा मिनिटांनी मी ताईच्या शेजारच्या मशीनसमोर बसलो. ते चालू केलं, माऊस एकदा हलवला आणि हात मांडीवर ठेवले.

"काय करताय?" ताईने विचारलं. तिने गणित पुन्हा लावलं होतं आणि ते जागं राहावं म्हणून स्वतः माऊस हलवत बसली होती.

"हे झोपायची वाट बघतोय."

दहा मिनिटं झाली. मशीन चालूच. मला वाटलं, माझाच धक्का लागला असेल. हात आणखी मागे घेतले.

पंधरा झाली. वीस झाली.

"काका, जेवायला नाही जायचं?"

"तू जा."

"मी कशी जाऊ? माझं घड्याळ मीच झालेय."

मला असं बसायची सवय आहे. बायको शेवटचे पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. तिच्या उशाशी एक मशीन होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो. आकडा जरा हलला की नर्सला हाक मारायचो. एकदा बायको म्हणाली, "त्याच्याकडे काय बघतोस, माझ्याकडे बघ. मी इकडे आहे." त्यानंतर मी खुर्ची फिरवून बसायला लागलो.

बारा चाळीसला स्क्रीन काळा झाला. खालचा पंखा थांबला.

तीस मिनिटं.

मी ताईला म्हणालो, "कुणाला सांगू नकोस. तू आत्ता काही पाहिलं नाहीस."

"काय पाहिलं मी?"

"तेच तर."

५

तारवाल्याला मी जिन्यात गाठलं.

"तीस," मी म्हणालो.

त्याने नाटक केलं नाही. पायरीवर बसला.

"दुसऱ्या मजल्याने डोकं खाल्लं होतं माझं. फोनवर बोलून येतो तर मशीन झोपलेलं, जेवून येतो तर झोपलेलं. प्रत्येकजण मला शिव्या घालायचा, काका, तुम्हाला नाही. महिन्यापूर्वी मी गुपचूप तीस करून टाकलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तासाभरात दहा केलं असतं."

"केलं असतं."

"मग?"

"सकाळी मावशींची पिशवी उपडी करताना तू तिथे होतास."

त्याने मान खाली घातली. "कंत्राटावर आहे मी. नियम मोडला म्हणून काढतील. मला वाटलं, दहा काय आणि तीस काय, त्याने काय फरक पडतो?"

"हिशेब कर," मी म्हणालो. "मशीन सव्वा तीनला झोपलं. त्यातून तीस वजा कर."

त्याचे ओठ हलले. "पावणेतीन."

"पावणेतीनला मावशी कुठे होत्या?"

"आल्याच नव्हत्या." तो उभा राहिला. "काका, पावणेतीनला मीही नव्हतो. मी दोन वीसलाच गेलो."

"माहीत आहे. वहीत आहे ते. तू फक्त लिहून दे, मशीन तीस मिनिटांवर होतं म्हणून. नियम मोडल्याचं मी बघतो. दहा मिनिटांचा नियम असा की तो न मोडता कुणाला काम करता येत नव्हतं, हेही मी बघायला हवं होतं."

त्याने लिहून दिलं. खाली पूर्ण सही केली.

६

दोन तीस ते दोन पन्नास. वीस मिनिटं हॉलमध्ये एकच माणूस होता.

तरी मी लगेच गेलो नाही. सकाळी एकदा घाई केली होती. आधी मी फूटपट्टींच्या टेबलापाशी उभा राहिलो. ते जेवायला गेले होते. त्यांचं टेबल दाराजवळ आहे. ताईचं खिडकीशी, आठव्या रांगेत. ताईचं मशीन चालू होतं आणि जेवणाच्या सुट्टीत हॉल शनिवारइतकाच शांत होता. मी कान दिला. घरघर ऐकू आली नाही. चौथ्या रांगेपर्यंत गेलो, तरी नाही. सातव्या रांगेत आली.

जेवणानंतर ते साइटवर गेले, परतले तेव्हा तीन वाजून गेले होते. तीन पंचवीसला मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"चष्मा कुठे राहिला होता?"

"इथेच. खणात."

"खणातून चष्मा काढायला वीस मिनिटं लागली?"

"दोन कागदही बघितले."

"ताईचं मशीन घरघरत होतं म्हणालात. इथून ऐकू येत नाही. मी आत्ता उभा राहून बघितलं."

ते हसले. "काका, तुम्ही आता पोलीस झालात?"

"पोलीस चारला येणार नाहीत. ठेकेदार येणार आहे. अजून पस्तीस मिनिटं आहेत." मी तारवाल्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. "मशीन तीस मिनिटांनी झोपतं, दहा नाही. घड्याळ पावणेतीनला निघालं. तुम्ही आत होता आणि दुसरं कुणी नव्हतं. मला एकच कळत नाही. तुम्हाला घड्याळ कशाला हवं होतं?"

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग खण उघडला, मागून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

पाकिटावर नकाशावर लिहितात तशी सुबक अक्षरं होती. 'नियमभंगाचा पुरावा. दुसरा मजला, आठवी रांग. शनिवार, दुपारी २.४४.' आत घड्याळ होतं. चालू होतं.

"मी चोर नाही," ते म्हणाले.

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"चष्मा घेतला आणि सवयीने हॉलमधून चक्कर मारली, काही चालू राहिलंय का ते बघायला. स्क्रीन काळा, डबा चालू आणि माऊस घड्याळावर. मला वाटलं, तुमचा नियम चुकवायची युक्ती. सोमवारी आल्यावर थांबायला नको म्हणून मशीन रिकामंच चालू ठेवलंय. आत गणित चाललंय हे मला कसं कळणार, स्क्रीन बंद होता! दोन दिवस ते चालतं तर या महिन्यात आपण फलकावर तिसऱ्या नंबरवर गेलो असतो. तुम्हीच मीटिंगमध्ये म्हणाला होतात, नुसत्या तक्रारी नकोत, पुरावा आणा."

म्हणालो होतो. याच शब्दांत.

"आज सकाळी मी पाकीट घेऊनच येणार होतो. आलो तर इथे 'चोरी, चोरी' चाललेलं. व्यवस्थापक पिशवी उलटी करतायत. त्या क्षणी पाकीट काढलं असतं तर काय झालं असतं? चोरीचं घड्याळ माझ्या खणात. बत्तीस वर्षं नोकरी झाली माझी. म्हटलं, दुपारी गुपचूप कुठेतरी ठेवून देऊ. सापडलं की मिटेल."

"मावशींचं मिटलं नसतं."

"नसतं," ते म्हणाले. "मी त्यांचा विचार केला नाही असं नाही. केला. आणि गप्प बसलो."

त्यांनी स्वतःच पाकीट उचललं. व्यवस्थापकांच्या केबिनपर्यंत मी त्यांच्या मागे चालत होतो. दारावर टकटक त्यांनीच केली.

७

चार वाजता ठेकेदाराचा माणूस आला तेव्हा केबिनमध्ये आम्ही पाचजण होतो: व्यवस्थापक, मावशी, पाइपताई, फूटपट्टी आणि मी. फूटपट्टींनी सगळं सांगितलं. मीटरच्या वेळेतून चुकीची मिनिटं वजा केली ती मी, पुरावा मागितला तो मी, हे मी सांगितलं. फलक आजच उतरवतो, असंही सांगितलं. व्यवस्थापक मात्र सकाळबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी हात झटकले.

"चला, गैरसमज होता. घड्याळ मिळालं. मावशी, झालं गेलं विसरून जा. उद्यापासून नेहमीसारखं."

"मला लिहून द्या," मावशी म्हणाल्या.

"काय लिहून द्यायचं? कुणी काही म्हणत नाहीये तुम्हाला आता."

"सकाळी अकरालाच यांनी दोन ठिकाणी फोन केले, तिथल्या बायांनी मला कळवलं." मावशींनी ठेकेदाराच्या माणसाकडे बोट केलं. तो जमिनीकडे बघायला लागला. "ते तोंडी गेलं. मला कागद पाहिजे."

व्यवस्थापकांनी दोन ओळी टाइप केल्या, छापल्या, सही केली. मावशींनी कागद माझ्याकडे दिला. "वाचा, काका. माझा चष्मा खाली आहे."

मी वाचलं. "घड्याळाच्या प्रकरणात सदर कर्मचाऱ्याविरुद्ध काहीही सिद्ध झालेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यावर काही आलं नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"सिद्ध झालं नाही म्हणजे घेतलं असेल पण सापडलं नाही, असंच ना?" मावशींचा आवाज चढला नव्हता. "उद्या माझी मुलगी हॉस्पिटलात नोकरीला लागेल. तिथे कुणी विचारलं, तुझ्या आईचं ते काय होतं गं, तर ती हा कागद दाखवणार? हे नको."

"मावशी, ऑफिसची भाषा अशीच असते."

"मग साधी लिहा."

 पाइपताई खुर्चीवरून उठली, व्यवस्थापकांच्या बाजूने गेली आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "सांगा, मावशी."

मावशींनी क्षणभर विचार केला. "लिही. घड्याळ यांनी घेतलं नाही. चोरी झालीच नव्हती. यांची पिशवी आम्ही सगळ्यांसमोर तपासली, ते चुकलं."

"तिसरं वाक्य कशाला?" व्यवस्थापक म्हणाले.

"कारण ते झालं."

ताईने टाइप केलं. कागद बाहेर आला. व्यवस्थापकांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. मी म्हणालो, "साहेब, सव्वा चार होत आले. मशीन झोपेल."

फूटपट्टींना हसू आलं आणि त्यांनी ते लगेच गिळलं. व्यवस्थापकांनी सही केली. मग फूटपट्टींनी पेन मागून घेतलं आणि न सांगता त्याखाली स्वतःची केली, त्याच सुबक अक्षरात.

मावशींनी मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मी मोठ्याने वाचलं, दार उघडं होतं, हॉलमध्ये माना वर झाल्या. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घेतला, दुमडला नाही, दोन्ही हातांत सपाट धरला.

"एक अजून काढा," त्या ठेकेदाराच्या माणसाकडे बघत ताईला म्हणाल्या. "यांना दोन ठिकाणी वाचून दाखवायचाय. आत्ता, माझ्यासमोर, फोन लावून."

त्याने खिशातून फोन काढला.